जुईनगर : नावांचा आणि माणसांचा शोध

मराठीत शहराचे सविस्तर वर्णन करणाऱ्या ग्रंथांचा विचार निघाला की पहिले नाव येते ते गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे. माडगावकर हे मूळ गोव्याकडील घराण्यातले आणि व्यवसायाने शिक्षक. शहरात हिंडावे, डोळ्यांनी पाहावे, जाणत्यांना विचारावे आणि जे कळेल ते साध्या मराठीत मांडावे, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे त्यांच्या ग्रंथात किल्ला आणि टांकसाळ यांच्या बरोबरीने बाजार, तळी, वाड्या आणि सणवारही आले. आज दीडशेहून अधिक वर्षांनी त्या काळच्या मुंबईचा माणूस कसा जगत होता हे जाणून घ्यायचे तर सरकारी अहवालांपेक्षा या शिक्षकाचा आधार आपल्याला जवळचा वाटतो.

जुईनगरास असा माडगावकर अद्याप लाभलेला नाही. हार्बर मार्गावर सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये हे स्थानक लागते. गाडीतून उतरणाऱ्या बहुतेकांच्या लेखी हे गाव म्हणजे सेक्टर २३, २४, २५ अशा आकड्यांची एक वसाहत आहे. आपल्या धर्मग्रामांतील जी कुटुंबे गेल्या तीन दशकांत येथे येऊन राहिली, त्यांतील कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूर वा केरळचे, तर कोणी पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारले की हे सारे आपापल्या मूळ गावाचे नाव सांगतात. जुईनगर असे उत्तर सहसा मिळत नाही. येथे जन्मलेली मुले मात्र आता मोठी झाली आहेत, आणि त्यांना सांगण्यासारखे दुसरे गाव नाही. त्यांच्यासाठी तरी या जागेची चौकशी व्हावयास हवी.

चौकशीचा आरंभ नावापासून करू. जुई म्हटले की आपल्याला फूल आठवते, आणि त्यापुढे नगर हा शब्द लागल्याने ही सारी नव्या वसाहतीची सुगंधी कल्पना असावी असा समज होतो. परंतु येथे जुईपाडा या नावाचे गाव आधीपासून आहे. नगर मागाहून आले. कोकणपट्टीत खाडीच्या पाण्याने वेढलेल्या लहानशा बेटाला जुवे म्हणतात. गोव्यातील सांतु इस्तेव्ह हे बेट कोंकणीत जुवें या नावानेच ओळखले जाते, हे आपल्या गोवेकर वाचकांना ठाऊक आहेच. मुंबईचे जुहू, वाशीजवळचे जुहूगाव, रत्नागिरी जिल्ह्यातील जुवे आणि हा जुईपाडा ही सारी एकाच शब्दाची लेकरे असावीत, असे आम्हांस वाटते. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तथापि भरतीच्या वेळी ज्या भूमीभोवती खाडीचे पाणी फिरत असे तिला असे नाव मिळणे स्वाभाविक होते.

ती खाडी ठाण्याची. ख्रिस्ती वाचकाला या पाण्याची ओळख निराळी करून द्यावयास नको. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन बंधूंना मृत्युदंड देण्यात आला: तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस. त्यांचे सोबती, दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डनस, यांनी त्यांचे देह सोपारा येथे पुरले. पुढे काही काळाने पोर्देनोनेचे ओदोरिक ठाण्यास आले, त्यांनी ते अवशेष बरोबर घेतले आणि थेट चीनपर्यंत नेले. आज आपण या प्रसंगाविषयी जे जाणतो ते जॉर्डनस यांची पत्रे आणि ओदोरिक यांचा वृत्तान्त यांमुळे. आणि ओदोरिक तर त्या घटनेच्या वेळी येथे नव्हते! त्यांनी ठाण्यातील लोकांना विचारले, लोकांनी सांगितले, त्यांनी ते टिपून घेतले. त्यात ऐकीव गोष्टींची भर पडली असेल, पडलीच असणार. परंतु विचारणारा कोणी आलाच नसता तर आपल्या हाती काय राहिले असते?

पुढच्या शतकांत या खाडीने दोन तीर वेगळे केले. पश्चिमेकडे साष्टी आणि उत्तरेस वसई येथे पोर्तुगीजांचा अंमल दीर्घकाळ राहिला. तेथील कोळी, कुणबी, भंडारी अशा जातींतील असंख्य कुटुंबे ख्रिस्ती झाली; चर्चे उभी राहिली. पूर्व तीरावर त्यांची सत्ता अशी खोलवर रुजली नाही. बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या हातांतून फिरला आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. पोर्तुगीज त्या जागेला शाबाज म्हणत. ते नाव शहाबाज गावाने अजून जपले आहे. १७३९ मध्ये वसई पडल्यावर दोन्ही तीरांवर मराठ्यांचेच राज्य झाले. म्हणजे आज ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो ते साष्टीचे ख्रिस्ती आणि जुईपाडा, शिरवणे, नेरूळ, सारसोळे, करावे, दिवाळे या गावांचे आगरी-कोळी हे फार दूरचे नव्हेत. दोघांचे धंदे तेच, भाताची खाचरे तीच, खाडीचे मासे तेच. या नात्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

आता ज्या माणसांमुळे ही जमीन जमीन झाली त्यांच्याकडे वळू. आगर म्हणजे मीठ पिकवण्याची जागा, आणि आगरी हे नाव त्यावरूनच आले असे मानतात. पण मिठाइतकेच मोठे काम होते ते खाजणातून शेत काढण्याचे. भरतीचे पाणी जेथवर येते तेथे मातीचा बांध घालावयाचा, बांधात उघाडी ठेवावयाची, म्हणजे ओहोटीच्या वेळी आतले पावसाचे पाणी बाहेर जावे पण भरतीचे खारे पाणी आत शिरू नये. पहिली काही वर्षे काहीच पिकत नाही. पावसाळ्यामागून पावसाळे खार धुऊन नेतात, तेव्हा कोठे भात उभे राहते, आणि तेही खारे सोसणाऱ्या जातीचे. रायगडाच्या खारेपाटातील राता हा लाल दाण्याचा तांदूळ त्यांपैकीच. कुलाबा जिल्ह्यात अशा बांधबंदिस्तीच्या जमिनीला शिलोत्री म्हणत, आणि समुद्राच्या अंगाच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा.

ही व्यवस्था एकट्यादुकट्याची नव्हतीच. बांधाला एका ठिकाणी खांड पडली की सर्वांची शेते खारी होतात आणि पुन्हा गोडी येईपर्यंत वर्षे जातात. म्हणून रात्री-अपरात्री हाक आली तरी प्रत्येक घराने माणूस पाठवावयाचा हा दंडक होता. आपल्या शहरी सहकारी गृहसंस्थांच्या वार्षिक सभेस किती सभासद हजर असतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या दंडकाचे मोल जाणून घ्यावे. या पट्ट्यातील वडीलधाऱ्यांशी बोलताना शेताची गोष्ट निघाली की ती एकराच्या हिशेबात येत नाही. बांधाच्या, उघाडीच्या, पाणी कोठून शिरे आणि कोठून निघे याच्या हिशेबात येते. त्यांच्या बोलण्यात भात आणि मासळी वेगळी नसते. पावसाळ्यात शेतात चढणारी मासळी, चिखलातली निवटी, पाग टाकून धरलेली कोळंबी, खारेपाटातील तळ्यांत वाढवलेला जिताडा, अंधारी रात्र पाहून धरायच्या चिंबोऱ्या यांचे एक पूर्ण पंचांगच त्यांच्या तोंडी असते. समुद्राच्या भरती-ओहोटीची गणिते पुस्तकाविना सांगणारी ही माणसे शाळेच्या हिशेबात मात्र बहुधा निरक्षर ठरतात.

या भूमीत शेतकऱ्याने पिकवावे आणि दुसऱ्याने न्यावे, हा प्रश्नही जुना. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ पासून खारेपाटातील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचा जो संप केला, तो सुमारे सहा वर्षे चालला. स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणारा मालक होऊ लागला. या भागातील पुष्कळ कुटुंबांच्या हाती सातबारा आला तो एवढ्या उशिरा. आणि तो एका पिढीपुरताही नीट टिकला नाही, कारण तोवर खाडीच्या पलीकडे नव्या शहराची कल्पना जन्मास येत होती.

ती कल्पना कोणाची होती? १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या पूर्वेस, खाडीपार एक नवे शहर वसवावे, अशी मांडणी केली. दक्षिणोत्तर लांबत चाललेल्या मुंबईचा भार पूर्वेकडे वळवावा, हा तिचा गाभा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. कोरिया आरंभीच्या वर्षांत तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते, आणि व्यवस्थापकीय संचालकाच्या जागी जे. बी. डिसोझा हे निर्भीड सनदी अधिकारी होते. दोघेही आपल्या समाजातले. कोरिया यांचे घराणे गोव्याचे. १९८५ सालचे त्यांचे ‘द न्यू लँडस्केप’ हे पुस्तक तिसऱ्या जगातील शहरांविषयी आहे, आणि बेलापूर येथील त्यांची आर्टिस्ट्स व्हिलेज ही बैठ्या घरांची वसाहत पाहण्यास आजही देशोदेशीचे विद्यार्थी येतात. २०१५ मध्ये ते निवर्तले. डिसोझा २००७ मध्ये गेले. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांत चर्चच्या घंटेची देणगी देणाऱ्यांची नावे असतात (असावीतही), पण ज्या नगरात आपण राहतो त्याचा आराखडा कोणी आखला, याची ओळही सापडत नाही, हे आम्हांस खटकते.

नकाशा मोठा होता: सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे. गरिबाला परवडेल असे घर, घराजवळ काम, आणि जमिनीच्या विक्रीतूनच शहर उभारण्याचा खर्च, अशी उदात्त सूत्रे त्यात होती. परंतु जमिनीची वाढणारी किंमत शहराला मिळावी हे सूत्र कागदावर जितके न्याय्य दिसते, तितके ते बांधावर उभ्या असलेल्या माणसाला दिसले नाही. त्याची जमीन शेतजमिनीच्या भावाने गेली. तीच जमीन काही वर्षांनी प्लॉटच्या भावाने विकली जाताना तो पाहत होता. आमच्या मते दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकल्यावाचून या शहराचा इतिहास लिहिता येणार नाही. आणि कोरिया-डिसोझा यांच्या बाजूचे म्हणणे पुस्तकांतून मिळते. दुसऱ्या बाजूचे बहुतांशी माणसांतूनच मिळवावे लागते.

त्या दुसऱ्या बाजूला जो आवाज लाभला तो दि. बा. पाटील यांचा. १९२६ मध्ये उरण तालुक्यातील जासई येथे जन्मलेले, वकील, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, पनवेलचे पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेस, जासई-नवघर परिसरात प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. त्या बलिदानाच्या मागोमाग चाललेल्या लढ्यातून १९९० मध्ये साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यावयाची, तीतही सार्वजनिक सोयींसाठी काही वजावट. आज जुईनगर-नेरूळच्या गावठाणांभोवती ज्या चारपाच मजली इमारती दिसतात, त्यांतील कित्येकींच्या पायात ही योजना आहे. दि. बा. २०१३ मध्ये गेले. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

शहर प्रत्यक्षात आले ते मात्र हळूहळू. खाडीवरील पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये तुर्भ्यास आला. १९९२ च्या १ जानेवारीस महानगरपालिका अस्तित्वात आली, त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दहून रेल्वे वाशीस पोहोचली आणि पुढच्या वर्षी ती जुईनगर, नेरूळ करीत बेलापूरला गेली. या रेल्वेच्या खर्चाचा दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. म्हणून येथील स्थानके मुंबईच्या जुन्या स्थानकांसारखी नाहीत, वर कार्यालये आणि दुकाने बांधलेली आहेत. २००४ मध्ये ठाण्याची वाट तुर्भ्यामार्गे जोडली गेली. जुईनगर हे नाव मुंबईकरांच्या कानी रोज पडू लागले ते या रेल्वेमुळे.

येथे आम्ही मघाच्या नात्याकडे परत येतो. खाडीच्या पश्चिम तीरावर हेच सारे शंभर-दीडशे वर्षे आधी घडले होते. वांद्रे, माहीम, माझगाव येथील ख्रिस्ती गावे मुंबईने वेढली. गावठाणे राहिली, शेते गेली. १८८७ मध्ये साष्टी-मुंबईच्या या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संघटना उभारली. स्वतःची जागा हातची जात असताना निदान ओळख तरी राखावी, हा हेतू त्यामागे नव्हता असे कोण म्हणेल? गिरगावातील खोताची वाडी आज देशभर ठाऊक आहे. घरे लाकडी आणि देखणी आहेत हे खरेच, पण वस्त्रकलाकार जेम्स फरेरा यांच्यासारखे तेथील रहिवासी वर्षानुवर्षे वाडीविषयी बोलत राहिले, येणाऱ्याला घरात घेऊन दाखवीत राहिले, हेही त्याचे एक कारण आहे. वसईत तर हा प्रश्न आपल्या डोळ्यांदेखत आला. १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनासाठी सिडकोचीच नेमणूक झाली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला. २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. वसईच्या विहिरी, बावखले आणि केळीच्या वाड्या मराठी वाचकाला ठाऊक झाल्या, त्यात त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा. जुईपाड्याच्या बांधांना तसा कोणी भेटला नाही.

मग नामवंत म्हणावे कोणाला? एखाद्या परिसराविषयी मुलाखत घ्यावयाची तर आपण नगरसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, मोठे डॉक्टर यांच्याकडे धाव घेतो. त्यांचा मान राखून आम्ही असे म्हणू की जुईनगरात सर्वांत आधी धवलारणीकडे जावे. आगरी समाजात लग्नविधी धवल्यांच्या गाण्यांनी पार पाडणारी ही स्त्री. मंडप, हळद, तेल, पाणी, देवकार्य, प्रत्येक विधीला तिचे गाणे आहे. ते संपल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. पुरोहिताचा अधिकार एका अक्षरशत्रू स्त्रीच्या कंठी असावा, ही गोष्ट आपल्यापैकी ज्यांनी आजीच्या तोंडून वसईच्या किंवा ईस्ट इंडियन लग्नातील बोलीतली गाणी ऐकली आहेत, त्यांना परकी वाटणार नाही. धवले लिहून ठेवलेले नसतात. ते एकीकडून दुसरीकडे जातात, आणि दुसरी नसली तर तेथेच थांबतात. आता मंडपाच्या जागी हॉल आला, हॉलचे भाडे तासांवर आले. धवलारणीला दिला जाणारा वेळ त्यातूनच कापला जातो.

धवलारणीच्या खालोखाल उघाडी सांभाळणाऱ्याच्या मुलाकडे, मिठागरावर काम केलेल्या बाईकडे, आणि शिरवण्याच्या कारखानदारीत पहिल्या पिढीचा कामगार म्हणून गेलेल्या माणसाकडे जावे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकातली. शेतातून कारखान्यात जाणाऱ्यांची ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांना ‘पूर्वी येथे काय होते?’ असे विचारू नये. त्यावर ‘काही नव्हतं, सगळी खाडी होती’ एवढेच उत्तर येते, आणि ते बाहेरच्या माणसाची सोय पाहून दिलेले असते. ‘या सेक्टरच्या जागी कोणाचे शेत होते आणि त्या शेताला काय म्हणत?’ असे विचारावे.

कारण शेतांना नावे होती. प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक उघाडीला, खाडीच्या प्रत्येक फाट्याला. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर आला, भूसंपादनाच्या नोटिशीतही नंबरच आला, आणि शहराने त्यावर सेक्टरचा नंबर ठेवला. चिंचोलीसारख्या एखाद्या तळ्याचे नाव तेवढे टिकले, कारण तळे टिकले. बाकीची नावे आता ज्यांच्या तोंडी आहेत त्यांची संख्या दर पावसाळ्याला घटते आहे. आपल्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सेनंतर रेंगाळणारे तरुण-तरुणी पुष्कळ असतात. त्यांच्या खिशातल्या फोनवर आवाज मुद्रित होतो, आणि जुईपाडा त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोबत सेक्टरांचा एक छापील नकाशा न्यावा आणि वडीलधारे सांगतील ते नाव त्याच जागी पेन्सिलीने लिहावे. दोघांनी दोन नावे सांगितली, तर दोन्ही लिहावीत.